बिब्ब्यातली गोडंबी

दिल्लीत गोडंबी मिळत नाही. आमच्या लक्ष्मीबाई नगरपासून चालत जावं इतक्या जवळ आयएनए मार्केट आहे. तिथे केरळची केळी मिळतात, मणिपूरच्या मिरच्या मिळतात, एकदा तर मला आमसुलंही मिळाली होती. पण गोडंबी म्हटलं की दुकानदार मान पुढे काढून विचारतो, "क्या जी?" मग मी हिंदीत सांगते, भिलावे की गिरी. यावर खारी बावलीच्या मसाला बाजारातल्या एका म्हाताऱ्या पंसाऱ्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं होतं, "बहनजी, किसको खिलाना है?"

मला माझ्या लेकीला खायला घालायची होती. ती फरीदाबादला असते आणि मार्चमध्ये तिचं पहिलं बाळंतपण होतं. माहेरी येणार नव्हती. डॉक्टर तिथली, नोकरी तिथली, शिवाय आमच्या सरकारी क्वार्टरचं बाथरूम तिला आवडत नाही. मी म्हटलं, चलो, ठीक आहे, तू येऊ नकोस, मी येते. सव्वा महिना राहीन. तू बाळाला घेऊन घरी येशील तेव्हा मी तुझ्या दारात डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन उभी असेन, आणि लाडवात गोडंबी असेल. ती म्हणाली, "आई, ते गोड-अंबी म्हणजे काय असतं?"

मी हे इतकं ठासून बोलत होते त्याला कारण होतं. माझ्या वेळी माझी आई आली नव्हती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. याच कॉलनीत, पलीकडच्या गल्लीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही होतो. मी बाळाला घेऊन सफदरजंग हॉस्पिटलमधून घरी आले, त्याच दिवशी आईचे लाडू पोचले. गावचा एक फौजी सुट्टी संपवून दिल्ली कॅन्टोन्मेंटला परत येत होता, त्याच्या ट्रंकेतून आले. मोठा पत्र्याचा डबा, आणि प्रत्येक लाडवावर एक एक अख्खी गोडंबी दाबून बसवलेली. आई चार दिवसांत येणार होती, तिकीट काढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाभीच्या घरी फोन आला, तेव्हा फोन तिच्याकडेच होता. आई म्हणाली, "मला यायला जमायचं नाही गं. इथं जरा काम निघालंय. लाडू खा." मी म्हणाले, "बरं." आणि ठेवला फोन.

काम. लेक पहिलटकरीण, परक्या मुलखात एकटी, आणि हिला काम निघालं. माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी तोवर दोन लाडू खाल्ले होते. उरलेला डबा तसाच उचलला आणि भाभीला देऊन आले. सांगितलं, मला आवडत नाहीत. आई पुढे दोन महिन्यांनी आली, नातीला मांडीवर घेऊन बसली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिला जाऊनही आता नऊ वर्षं झाली, पण तो फोन काही माझ्या डोक्यातून गेला नाही.

ही भाभी अजून आमच्या शेजारीच आहे. क्वार्टर बदलले, वरच्या टाइपचे, मोठे मिळाले, तरी फिरून फिरून आम्ही एकाच जिन्यावर. ती मूळची हुबळीची. मी तिला भाभी म्हणते, ती मला भाभी म्हणते, आणि दोघी एकमेकींशी जे हिंदी बोलतो ते ऐकून दिल्लीवाले कपाळाला हात लावतात. गोडंबी मिळत नाही म्हणून मी जिन्यात तिच्यापाशी कुरकुरले, तर ती म्हणाली, "गोडंबी? अरे, मेरे घर में किलोभर पड़ी है." मला आनंदाने काही सुचेना. ती आत गेली आणि काजूंची बरणी घेऊन आली.

मी म्हटलं, भाभी, ये तो काजू है. ती म्हणाली, हाँ, गोडंबी. बराच वेळ आमचं हेच चाललं होतं. शेवटी उलगडा झाला तो असा, की कन्नडमध्ये काजूलाच गोडंबी म्हणतात. मग मी मोबाइलवर बिब्ब्याचं चित्र शोधून दाखवलं, तर तिने त्याचं नाव सांगितलं गेरू, आणि म्हणाली की त्यांच्या किनाऱ्याकडचे लोक काजूच्या बीलाही गेरूच म्हणतात. आता मला गंमत वाटायला लागली. चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघितली. काजूच्या बोंडाखाली जशी बी लटकते, तसाच बिब्बाही पिवळ्या बोंडाच्या टोकाला बसलेला असतो. काजूच्या टरफलाचं तेल कातडी सोलवटतं, बिब्ब्याचंही. एकाच घरातली दोन भावंडं, एक शहरात जाऊन नाव काढलेलं आणि एक गावीच राहिलेलं. भाभी चित्राकडे बघत म्हणाली, "ये वही है ना, जो तुम्हारी मम्मी के लड्डू पर लगी थी?" मी म्हटलं, हो, तीच, आणि विषय बदलला.

जानेवारीत एका लग्नासाठी गावी गेले. आमचं गाव मराठवाड्याच्या डोंगराळ कडेला आहे. तिथे धाकट्या भावाला म्हटलं, मला दोन किलो गोडंबी घेऊन दे. तो हसला. म्हणाला, "ताई, आता कुणी फोडत नाही. फोडणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या, पोरींना हात काळे करायचे नाहीत. बिब्बे मात्र पाहिजे तेवढे ने, बांधावर सडा पडलाय."

आम्ही बांधावर गेलो. बिब्ब्याचं झाड कुणी लावत नाही आणि कुणी पाणी घालत नाही. आपसूक येतं आणि शेतकऱ्याने नाही तोडलं तर राहतं. खाली पानांच्या कचऱ्यात बिब्बे पडले होते, काळे, चपटे, बदामाच्या आकाराचे. काहींना वाळकी बोंडं अजून चिकटलेली होती. ती बोंडं सोलून आम्ही लहानपणी खायचो, खजुरासारखी लागतात. मी एक खाऊन बघितलं, मग दुसरं. भाऊ म्हणाला, "पुरे. घसा खवखवेल." तो काठीने बिब्बे एकीकडे लोटत होता आणि मी जाड पिशवी हातात घालून ते गोळा करत होते. चांगले चार-पाच किलो गोळा झाले.

मी त्याला विचारलं, आई हे फोडायची कशी? तो म्हणाला, "मला काय ठाऊक? ती गोठ्यामागं बसायची आणि आपल्याला हाकलून द्यायची." खरंच होतं ते. आई थंडीभर गोडंबी फोडायची, घरची आणि दुसऱ्यांचीही. तिच्या बोटांवर काळे डाग होते ते कधीच गेले नाहीत. मला शाळेत असताना त्यांची लाज वाटायची. पण ती फोडताना आम्ही दोघांनी एकदाही बघितलं नव्हतं. तिच्या हातात दगड असायचा एवढं आठवतं, आणि राख. भाऊ म्हणाला, "ताई, अंगाला खोबरेल चोपडून बसत जा. आणि तोंड झाक. बिब्बा उतला, अंगावर फोड उठले तर पंचाईत होईल." मी म्हटलं, मला काय शिकवतोस.

बिब्बे दिल्लीला आले आणि मागच्या अंगणात वाळत पडले. माझी लेक व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली, "हे बिब्बे? म्हणजे तू मला म्हणायचीस ना, मध्ये बिब्बा घालू नकोस, तो हा?" मी म्हटलं, बिल्कुल, तो हाच. पोरीला बिब्बा घालणं पाठ होतं, बिब्बा जन्मात बघितला नव्हता. मग तिने विचारलं की चांगल्या कामात बिब्बा घालतात म्हणजे नेमकं काय करतात? मला सांगता येईना. मला वाटतं, दुधात घालत असतील. एक थेंब पडला तरी दूध कुणी पिणार नाही.

फेब्रुवारी संपता संपता मी फोडायला बसले. रोज दुपारी हे ऑफिसला गेले की अंगणात पोतं अंथरायचं. पहिल्या दिवशी अडकित्ता घेतला. अडकित्त्याने बिब्बा कापला, पण आतली गोडंबीही कापली, आणि पात्यावर असं काळं दाट तेल आलं की अडकित्ता फेकावाच लागला. मग ह्यांची पक्कड आणली. पकडीने बिब्बा चपटा होतो, फुटत नाही, आणि कुठून तरी तेलाची चिळकांडी उडते. एक चिळकांडी माझ्या चष्म्यावर आली. मी चष्मा पुसला आणि विचार केला, आईने काय केलं असेल?

दगड आणि राख. दिल्लीत दगड सापडतो, राख कुठून आणणार? कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याकडून डबाभर आणली. त्याने कशाला म्हणून विचारलंही नाही. बिब्बा राखेत घोळला, सपाट दगडावर आडवा ठेवला आणि वरून बत्त्याने ठोकला. चेंदामेंदा. दुसरा ठोकला, तोही गेला. बिब्ब्याला दोन चपट्या बाजू आणि एक धार असते. विसाव्या-पंचविसाव्या बिब्ब्याला माझ्या लक्षात आलं की तो चपटा ठेवायचा नसतो, धारेवर उभा धरायचा आणि हलकाच एक ठोका द्यायचा. मग तो मधोमध उकलतो, राख तेल पिऊन घेते, आणि आत पांढरीशी, पातळ सालीची गोडंबी अख्खी बसलेली असते. ती पहिली अख्खी गोडंबी मी बराच वेळ बघत बसले. साल काढून, पुसून जिभेवर ठेवली. बदाम आणि पिस्ता यांच्या मधली चव, आणि मागाहून हळूच गोड.

पण उभा बिब्बा धरायचा कशाने? बोटांनीच. दुसरा मार्गच नाही. आईचे डाग अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना होते, ते बरोबर तिथेच का होते ते मला त्या दुपारी कळलं.

मी भांडी घासायचे रबरी मोजे घातले होते. तोंड काही झाकलं नव्हतं. ऊन होतं, घाम यायचा, मी मोज्याच्या मनगटाने कपाळ पुसायचे. तीन दुपारी बसले. पहिल्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी भावाला फोन करून सांगितलं, मला काही बिब्बा-फिब्बा उतत नाही, उगाच घाबरवता तुम्ही लोक. दोन वाट्या भरून गोडंबी निघाली. ती गरम पाण्याने धुतली, वाळवली, तुपात तळली. डिंक फुलवला, खारीक कुटली, खोबरं भाजलं. लाडू वळले आणि प्रत्येकावर एक अख्खी गोडंबी दाबून बसवली. बॅग भरून दाराशी ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. हे उठले, दिवा लावला आणि दोन पावलं मागे सरले. आरशात माझं तोंड मला ओळखू येईना. पापण्या सुजून पुऱ्या झालेल्या, कपाळावर आणि गालांवर पुरळ, दोन्ही मनगटांवर पाण्याने भरलेले फोड. खाज तर अशी, की कातडी काढून ठेवावीशी वाटत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि त्याच सकाळी जावयांचा फोन आला, तारखेच्या आठ दिवस आधीच मुलगी झाली होती. दोघी छान आहेत, परवा घरी सोडतील.

डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, मलम दिलं. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, म्हणाल्या, पण तेल तुमच्या नखांत असेल, कपड्यांत असेल, तान्ह्या बाळाची कातडी नाजूक असते. पूर्ण बरं होईपर्यंत बाळाजवळ जाऊ नका. किती दिवस? पंधरा, कदाचित जास्त. मी घरी येऊन भरलेल्या बॅगेशेजारी खाली जमिनीवर बसले. आयुष्यात एक गोष्ट मी ठरवली होती, की माझ्या लेकीच्या दारात मी उभी असेन. बाकी काही नाही झालं तरी चालेल.

दुपारी लेकीचा फोन आला. आवाज थकलेला, पण खूश. "आई, निघालीस का?" तिला काय सांगणार? ओली बाळंतीण. सांगितलं असतं की तुझ्या लाडवांपायी माझं तोंड सुजलंय, तर काळजी करत बसली असती. किंवा लाडूच खाल्ले नसते. मी म्हणाले, "अगं, मला लगेच यायला जमायचं नाही. इथं जरा काम निघालंय. बाबांबरोबर लाडू पाठवते, ते खा."

ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

ते बरं मी ओळखलं. ते माझंच होतं.

मग भावाला फोन लावला. त्याला सांगितलं, बिब्बा उतलाय, काय लावायचं बोल. त्याने ओलं खोबरं आणि कोथिंबिरीचा रस वगैरे सांगितलं. मग म्हणाला, "आईला पण तुझ्या वेळी असाच उतला होता. तोंड एवढं सुजलं होतं. थंडीभर इतकी फोडायची, कधी काही झालं नाही. तुझ्या लाडवांचीच फोडली आणि उतला." मी विचारलं, कधी? तो म्हणाला, "तू बाळंत झालीस तेव्हा. डबा फौजीकडं दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे. तिकीट मीच परत करून आलो. तुला फोन करायला तिला तालुक्याला घेऊन गेलो होतो, पदर पार नाकापर्यंत ओढून बसली होती एसटीडीच्या खोक्यात. तो एसटीडीवाला विचारायला लागला, बाईंना मधमाशा चावल्या का."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं कुणी?

"आई म्हणाली, सांगू नको. बाळंतीण आहे, जिवाला लावून घेईल, लाडू खायची नाही."

"आणि नंतर? एवढी वर्षं?"

"तू कधी विचारलंस, ताई?"

मी रडले. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी आलं की ते इतकं झोंबतं की धड रडताही येत नाही. गोठ्यामागे बसलेली आई मला दिसत होती, बोटात उभा बिब्बा धरलेली. दोन खाल्ले होते मी. दोन. आणि बाकीचा डबा उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवून आले होते, वर सांगितलं होतं, आवडत नाहीत.

मग उठले आणि तशाच तोंडाने भाभीचं दार वाजवलं. तिने दार उघडलं आणि किंचाळलीच. मी तिला सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत, मध्येच मराठीत. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मैंने उसी दिन सोचा था, इतना मेहनत का चीज़ कोई ऐसे देता है क्या." मग म्हणाली, चार लाडू तिने माझ्यासाठी बाजूला ठेवले होते, माझा राग उतरेल म्हणून. महिनाभर वाट बघितली, शेवटी खराब व्हायला लागले तेव्हा खाल्ले. मी म्हटलं, बरं झालं, कुणीतरी खाल्ले.

त्या संध्याकाळी हे डबा घेऊन फरीदाबादला गेले; माझ्या तोंडाचं तिला काही बोलू नका, ते मीच सांगेन, असं मी बजावलं होतं. दोन दिवसांनी लेक घरी पोचली, तेव्हा दारात मी नव्हते. तासाभराने मी व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा उघडायच्या आधी क्षणभर थांबले, पदर पुढे ओढावा असंही वाटलं. नाही ओढला. माझं तोंड बघून ती आधी घाबरली, मग हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली. "आई, यार, मला वाटलं तुला यायचंच नाहीये. दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते." मी म्हटलं, चिड, पण ऐक आधी. आणि तिला आजीची गोष्ट सांगितली, गोठ्यापासून एसटीडीच्या खोक्यापर्यंत. डब्याचीही सांगितली. ती सांगताना सगळ्यात जड गेलं.

बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं, मूठ गच्च मिटून. लेकीने डबा उघडला, एक लाडू उचलला आणि वरची गोडंबी नखाने काढून बघितली. "ही ती?" म्हणाली. "एवढीशी?" मग तोंडात टाकली. डोळे मिटून चावत राहिली. सांग ना कशी लागली, असं मी तीनदा विचारलं. तिने उरलेला लाडूही खाल्ला, आणि दुसऱ्याला हात घातला.

"कुणाला देऊ नकोस," मी म्हणाले. "एकही."